मांडीवरचं पोर

हात थरथरायला लागल्यापासून बारीक रेघ धड येत नाही. देवीची बोटं ही माझी ओळख होती. मंचर-घोडेगावपासून ओतूरपर्यंतच्या देवळांत लोक आधी बोटं बघायचे, मग देवी. आणि मला ते आवडायचं. सहीसुद्धा मी पायांशी नाही, हातांच्या उंचीला करायचो.

आता एका अन्नछत्राच्या भिंतीवर देवी हवीय. ‘दान देणारी आई दिसली पाहिजे,’ एवढंच सांगणं. अन्नपूर्णा सोपी: पळी, पात्र, समोर हात पसरलेला शंकर. पण तिच्या मांडीवर मूल नसतं. आई म्हटलं की मूल हवं, आणि मूल आलं की घोळ सुरू.

म्हणून मानमोडीच्या लेण्यांतली अंबिका धरली. लेणी मुळात बौद्धांची. करंजाच्या झाडांसाठी जमीन दिल्याचं तिथल्या शिलालेखात आहे. जैनांची अंबिका मागाहून आली. तिची गोष्ट अशी: श्राद्धाचा स्वयंपाक तिने ब्राह्मणांआधी दारातल्या मुनीला वाढला. नवऱ्याने पोरांसकट घराबाहेर काढलं. वाटेत कोरडं तळं भरलं, वठलेला आंबा फळला.

तळं आणि आंबा कोणीही रंगवील. मला वाढतानाची अंबिका हवीय, आणि नजरेपाशी गाडी अडते. मुनीकडे बघितलं तर मांडीवरचं पोर गाठोडं होतं. पोराकडे बघितलं तर वाढणं उरकल्यासारखं. समोर बघितलं की कॅलेंडरातली बाई. हाताखालची पोरगी म्हणाली, पापण्या खाली घ्या. घेतल्या, तर पुण्यवान दिसायला लागली. ते त्याहून वाईट.

राफाएलने 1507 मध्ये दानशीलता आई म्हणून रंगवली, करड्या रंगात, अंगाखांद्यावर पोरं देऊन. सुटला बिचारा. त्याच्या चित्रात मागणारे आणि पोरं एकच. अंबिकेच्या पळीतून पोराच्या वाट्याचंही जातंय, ते कुठे दाखवू?

बाकीच्यांना ही पंचाईत नाही. तळहातातून नाणी सांडणारी लक्ष्मी फ्लेक्सवर छापायची, भिंतीला ठोकायची. ते दान नव्हे, गळती.

सध्या पोराच्या मुठीत पदर दिलाय आणि त्या ओढीने वाढणारा हात जरासा मागे घेतलाय. डोळे कोरेच आहेत. बोटं जाड ब्रशची, ठोकळ. त्यांच्याकडे कोणी बघत नाही, हे मला अजून लागतं. अन्नछत्रवाल्यांचा निरोप आलाय, पोर हसरं करा. करणार नाही.