सगळे पास झाले ते वर्ष

आमच्या दहावीच्या निकालाला लोक निकाल मानायलाच तयार नव्हते. आमची २०२१ची बॅच. त्या वर्षी कर्नाटकात एसएसएलसीला ८ लाख ७० हजारांवर मुलं बसली आणि नापास झालं एकच जण. तेही त्या नावावर भलत्यानेच पेपर दिला म्हणून. अशा वर्षी पास होण्याचं कौतुक कोण करणार?

पण पेपर आम्ही दिले होते, हे मला अजूनही ठासून सांगावंसं वाटतं. जूनच्या सुरुवातीला, कोरोनाची दुसरी लाट ओसरत असताना, तेव्हाचे शिक्षणमंत्री सुरेश कुमार यांनी बारावीची, म्हणजे इथल्या सेकंड पीयूची, परीक्षा रद्द केली. त्या मुलांचा निकाल दहावीच्या आणि फर्स्ट पीयूच्या गुणांवरून लावता येत होता. आमच्या गाठीला बोर्डाची कुठलीच परीक्षा नव्हती, म्हणून आम्हाला बसवलं. सहा पेपर दोन दिवसांत. १९ जुलैला गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र. २२ला तिन्ही भाषा. तीन तासांत तीन विषय, प्रत्येकी चाळीस प्रश्न, चार पर्यायांतला एक गोळा भरायचा.

माझी पहिली भाषा संस्कृत, दुसरी इंग्रजी, तिसरी कन्नड. पहिल्या भाषेला १२५ गुण आणि संस्कृतात ते सढळ हाताने मिळतात, एवढाच त्यामागचा हिशोब. वर्षभर शब्दरूपं घोकली आणि लिहायला मिळालं काय, तर गोळे! मास्कमधली वाफ वर येऊन चष्मा धुरकट व्हायचा. मग डाव्या हाताचं बोट प्रश्नाच्या नंबरावर दाबून ठेवायचं आणि उजव्या हाताने गोळा भरायचा. एकविसाव्याचं उत्तर बाविसाव्यासमोर पडलं की पुढचं सगळंच घसरलं.

कोल्हापूरच्या माझ्या आत्तेबहिणीचा निकाल त्याआधीच, १६ जुलैला लागला होता. महाराष्ट्रात परीक्षाच झाली नव्हती. शाळेतल्या गुणांवर ९९.९५ टक्के पास. त्या दिवशी वेबसाइट कोलमडली. "निकाल लागलाय म्हणत्यात, पण दिसंना की गं," म्हणून आत्या दर अर्ध्या तासाने फोन करत होती. मी इकडे गोळे भरायचा सराव करत होते आणि मनातून चरफडत होते.

आमचा निकाल ९ ऑगस्टला, दुपारी साडेतीनला. श्रावणाचा पहिलाच दिवस आणि नेमका सोमवार, त्यामुळे आईचा उपास. तोवर मंत्रीही बदलले होते. निकाल जाहीर केला तो बी. सी. नागेश यांनी. बाबा हॉल तिकिटावरून नंबर वाचून दाखवत होते, मी टाइप करत होते, आणि आई "जन्मतारीख नीट घाल" असं सारखं बजावत होती, जणू ती चुकली तर मी दुसऱ्याच घरात जन्मले असते. धाकधूक होती, पण नुसत्या आकड्याची. नापास होण्याची भीतीच नाही म्हटल्यावर पास झाल्यावर हायसं तरी कशाने वाटणार? पान उघडलं. ६२५ पैकी ५९१. तेवढ्यात शेजारच्या आंटींनी दारातून विचारलं, "एष्टु बंतु?" किती मिळाले? पास झालीस का, हे त्या दिवशी मला कुणीच विचारलं नाही. १५७ जणांना ६२५ पैकी ६२५ मिळाल्याची बातमी टीव्हीवर सुरू झाली आणि माझे ५९१ संध्याकाळच्या आतच शिळे झाले.

बाबा नंदिनी डेअरीच्या बूथवरून म्हैसूरपाक घेऊन आले. "त्यात बेसन असतं, मी काय खाऊ?" आईने विचारलं. परत जाऊन पेढे आणले.

त्या दिवशी निकालाचा खरा आनंद पाहिला तो खालच्या गल्लीत. तिथे माझ्या वर्गातला एक मुलगा राहायचा. वडील रिक्षा चालवायचे, आई देवळाबाहेर फुलं विकायची. घरात तीन भावंडं आणि फोन एकच, तोही दिवसभर वडिलांबरोबर रस्त्यावर. ऑनलाइन वर्ग त्याच्यासाठी रात्री नऊनंतर भरायचा. मी पाठवलेले वहीचे फोटो बघून तो उतरवून घ्यायचा. शाळेच्या सराव परीक्षेत गणितात गेला होता. त्याची आई स्टीलच्या डब्यात केसरीबाथ घेऊन घरोघर फिरली. "नन्न मग पास आद," माझा मुलगा पास झाला, एवढं एकच वाक्य प्रत्येक दारात. त्या घरातला दहावी झालेला तो पहिलाच. त्याला किती मिळाले, त्यातले बोर्डाने वाढवून दिलेले किती, हे तिने विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. मला त्या बाईचा हेवा वाटला.

दुसऱ्याच दिवशी, १० ऑगस्टला, मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातली अकरावी प्रवेशाची सीईटी रद्द केली. २१ तारखेला ती व्हायची होती आणि आत्तेबहिणीने त्यासाठी अभ्यास केला होता. ती फोनवर चिडून म्हणाली, "तू निदान गोळे तरी भरलेस. मी काय दाखवू?" त्यानंतर माझी चरफड बरीच कमी झाली.

पुण्याच्या काकांची मात्र नाही. परवा एका लग्नात पंगतीत बसल्या बसल्या त्यांनी आमची बॅच पुन्हा काढली, "तुम्ही काय, फुकटचे पास!" मी त्यांना खालच्या गल्लीतल्या मुलाचं सांगितलं. सरकारी कॉलेजात कॉमर्सला गेला आणि २०२३च्या मार्चमध्ये सेकंड पीयूची परीक्षा पेनाने उत्तरं लिहून पास झाला. तेव्हा त्याला कुणी ढकललं नव्हतं. २०२१मध्ये गणितात अडकला असता तर पुढची पायरी आलीच नसती. वडिलांच्या रिक्षावर बसला असता. काका म्हणाले, "ते वेगळं." वेगळं म्हणजे काय, असं विचारलं, तर जिलेबी का येत नाही ते बघायला उठून गेले.