शब्द सापडला नाही

बंगळूरजवळील आनेकल येथे मुक्कामी असताना मी वडिलांच्या शब्दवह्या संगणकावर उतरविण्याचे काम हाती घेतले. प्रशासनातील मराठी शब्दांच्या त्या वह्या. निम्म्या मी टंकलिखित केल्या, निम्म्या पुण्याहून बहिणीने. काम पुरे झाल्यावर ‘ॲ’ने आरंभ होणारा एक शब्द शोधला. संगणकाने उत्तर दिले, ‘शब्द सापडला नाही’. शब्द तर पडद्यावर समोरच दिसत होता.

इंग्रजी कोशात शब्द कॅपिटल अक्षराने लिहा वा लहान, शोध घेताना दोन्ही एकच मानले जातात. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, तेव्हा आपल्याला ही विवंचना नाही, अशी माझी समजूत होती. ती चुकीची ठरली. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक मिळाला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवीत. बहिणीचा कळफलक त्या जुन्या पद्धतीचा होता. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. संगणकाच्या लेखी ती भिन्न आहेत.

मग मी आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणाला सांगितले, असे सर्व किरकोळ भेद दुर्लक्षित करा, अदृश्य चिन्हेही गाळा. त्याने तसे केले. आता ‘दर्या’ शोधला की ‘दऱ्या’ही येऊ लागल्या, समुद्र आणि डोंगरांमधील खोल भाग एक झाले! कारण बहिणीने ‘दऱ्या’ लिहिताना ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह वापरले होते. ते गाळताच रफार उरला. एका कन्नड सहकाऱ्यांना हे सांगितले, तेव्हा ते हसले. कन्नडमध्ये ‘रॅंक’ लिहिताना ‘र’ पूर्ण राहावा म्हणून तेच जोडचिन्ह लागते.

अखेर क्रम बदलला. जोडचिन्ह असलेल्या ‘र’चे आधी ‘ऱ’मध्ये रूपांतर करावयाचे, ‘अ’वरील चंद्राचे ‘ॲ’मध्ये, आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हे गाळावयाची. कोश सुरळीत चालू लागला.

कोणता भेद विसरावा आणि कोणता जपावा, हे ठरविण्यास भाषा जाणावी लागते. तुर्की भाषेत बिंदूचा आणि बिनबिंदूचा ‘आय’ ही दोन वेगळी अक्षरे आहेत. इंग्रजीचा नियम तेथे लावला की शब्द बिघडतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमाला प्रमाणित केली, हे योग्यच झाले. परंतु कार्यालयात नोंद करणारा आणि ती शोधणारा यांचे कळफलक जुळतात की नाही, हेही कोणी पाहिले पाहिजे. माझ्या कोशात एक शब्द हरवला होता, तो मिळाला. मतदार यादीत वा जमिनीच्या नोंदीत असेच घडले, तर खिडकीपाशी उभ्या असलेल्या वृद्धाला ‘तुमचे नाव नाही’ असे ऐकून परतावे लागेल. त्याचे नाव मात्र तेथेच असेल.