पुढची चाकं

कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, सॅन हुआन पर्वतात, १२,८०० फुटांवर 'इंजिनियर पास' नावाची एक खिंड आहे. आम्ही पोटापाण्यासाठी इंजिनियर. त्यामुळे त्या पाटीखाली उभं राहून एक फोटो काढायचा, हा एम.एस. करायला या देशात आलो तेव्हापासूनचा आमचा बेत. मागच्या जुलैत तो तडीस गेला, पण ठरवला होता तसा नाही.

ह्यूस्टनहून निघालो तेव्हा गाडीत आम्ही, सौ., दहा वर्षांची कन्या आणि उन्हाळ्यापुरत्या आलेल्या आमच्या मातोश्री. गाडी २००३ची, उंच, फोर व्हील ड्राइव्हची, दोन मालकांचा मार खाऊन आमच्याकडे आलेली. कन्या तिला 'पणजी' म्हणते. निघायच्या आदल्या दिवशी ड्राइव्हवेत बटण दाबून पाहिलं, डॅशबोर्डवर दिवा लागला. झाली तपासणी!

ड्युरँगोला आईला १८८२ साली सुरू झालेली सिल्व्हर्टनची छोटी आगगाडी दाखवली. रुळांमधलं अंतर तीन फूट. "आमची माथेरानची याहून लहान," आईनं निकाल दिला. (बरोबर आहे, ती दोन फुटी.) मग मोलास पास ओलांडून सिल्व्हर्टनला मुक्काम. गावच मुळी ९,३१८ फुटांवर, त्यामुळे जिना चढतानाही दम लागत होता.

दुसऱ्या दिवशी ॲनिमस नदीच्या काठाकाठानं कच्च्या रस्त्यानं साधारण बारा मैल वर गेलो. तिथे ॲनिमस फोर्क्स हे ओसाड पडलेलं खाणगाव आहे, ११,२०० फुटांवर. चांदी-सोन्याच्या आशेनं माणसं इथे राहायची. १८८४ साली सलग २३ दिवस हिमवादळ झालं, २५ फूट बर्फ साचला आणि लोकांनी या घरातून त्या घरात जायला बर्फात भुयारं खणली. १९२०च्या दशकापर्यंत गाव रिकामं झालं होतं. आई एका घराच्या मोठ्या खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिली. "इथे बाळंतपणं कशी केली असतील रे?" एवढंच म्हणाली.

गावाच्या पुढे खरा चढ सुरू होतो. आम्ही बटण दाबलं, दिवा लागला, ऐटीत निघालो. पहिल्याच उभ्या वळणावर सुट्या दगडांत मागची चाकं फिरू लागली. गाडी पुढे जाण्याऐवजी दरीच्या बाजूला सरकली. आईची रामरक्षा सुरू झाली. सौ. कन्येला घेऊन खाली उतरली.

"अहो, थांबा! पुढची चाकं फिरतच नाहीयेत!"

"फिरतायत, दिवा लागलाय!" आम्ही आतून ओरडलो. आणि आणखी ॲक्सिलरेटर दाबला. हे लिहिताना लाज वाटते, पण दाबला. गाडी आणखी हातभर दरीकडे गेली, तेव्हा पाय उचलला. आईला उतरवलं आणि सौ.च्या खुणांवर इंच इंच मागे घेत गाडी गावापर्यंत खाली आणली.

हात थरथरायचे थांबल्यावर डोकं चालू लागलं. मागच्या चाकांना धोंडे लावले, गाडी पार्कमध्ये, फोर व्हील चालू, आणि पुढचं उजवं चाक जॅकवर उचललं. सगळं जोडलेलं असतं तर ते हातानं फिरायला नको होतं. ते कन्येनं एका बोटानं फिरवलं. म्हणजे ट्रान्सफर केसपर्यंत हुकूम पोचला होता, पण पुढच्या ॲक्सलमधली जोडणी झालीच नव्हती. आणि आमच्या गाडीतला दिवा फक्त ट्रान्सफर केसचं ऐकतो. पुढे काय झालं याची त्याला खबरच नसते.

ही जोडणी करतो ॲक्च्युएटर. बॅटरीच्या तळाशी बसवलेला एक डबा, आत रबरी पडदा. इंजिनाच्या व्हॅक्यूमनं पडदा ओढला जातो, पडदा एक केबल ओढतो, केबल ॲक्सलमधला काटा सरकवते. आम्ही नळी काढून तोंडावर अंगठा धरला. ओढ होती, पण जेमतेम. मग डब्याकडचं टोक तोंडात धरून हवा ओढली आणि जीभ लावली. पडदा चांगला असता तर जीभ चिकटून राहिली असती. कुठे काय! हवा सुळकन परत.

"स्टोव्हच्या पंपाचं वायसर गेलं की असंच व्हायचं," आई म्हणाली. "कितीही पंप मारा, दाब धरत नाही."

अगदी तेच! मग ह्यूस्टनला चाक फिरत होतं की नाही? बहुधा फिरत असेल. तिथे समुद्रसपाटीला इंजिन साधारण १८ ते २० इंचांचा व्हॅक्यूम देतं, तो थोडी गळती पचवतो. पण दर हजार फुटांना इंचभर कमी होत जातो. ११,००० फुटांवर उरतात आठ-नऊ इंच, आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबला की तेही जातात. (परतल्यावर डबा उघडला. बॅटरीच्या आम्लानं पत्रा खाल्लेला आणि पडद्याला तिळाएवढी चीर.)

केबल पकडीनं ओढली, कट्कन आवाज झाला, आणि लॉक होणारी पक्कड तिथेच आवळून ठेवली. आता चाक कन्येला दोन्ही हातांनी हलेना. तिला चढायची घाई झाली होती, आम्हालाही. पण दुपार झाली होती, ढग काळे होत होते, आणि झाडं संपतात त्या उंचीवर विजेशी मस्करी नको. आईला विचारलं. "तुझ्या दिव्यावर माझा विश्वास नाही," म्हणाली. खाली सिल्व्हर्टनला परतलो.

सकाळी सहाला पुन्हा निघालो. त्या वळणापाशी सौ. न सांगता उतरली, पुढच्या चाकाकडे पाहत गाडीबरोबर चालली आणि वर पोचल्यावर आत बसली. खिंडीत वारा असा, की पाटीला धरून उभं राहावं लागलं. फोटो एका अनोळखी गृहस्थानं काढला. त्यात आम्ही छाती काढून पाटीशेजारी, आई शालीत, कन्येचे डोळे मिटलेले. सौ.चा चेहरा दिसत नाही. ती वाकून पकड जागेवर आहे का ते बघतेय.