तिसऱ्याच्या घरातली बोलणी




अमेरिका आणि इराण यांचे राजनैतिक संबंध ७ एप्रिल १९८० रोजी तुटले, ते पुन्हा जुळले नाहीत. तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीत ओलीस धरलेल्या ५२ जणांची ४४४ दिवसांनी सुटका झाली, तीही अल्जीरियाच्या मध्यस्थीने. संबंध तुटल्यापासून तेहरानमध्ये अमेरिकेचे काम स्वित्झर्लंडची वकिलात पाहते. इतक्या वितुष्टातही या दोन देशांचे मुत्सद्दी अनेकदा समोरासमोर बसले. अणुकार्यक्रमावरची बोलणी सुरू होण्याच्या कितीतरी आधी ते बसले होते, पण आपसातल्या भांडणासाठी नव्हे. अफगाणिस्तान आणि इराक हे इराणचे दोन शेजारी पेटलेले होते, म्हणून ते बसले. पहिल्या खेपेस त्यातून एक सरकार उभे राहिले. दुसऱ्या खेपेस एका उपसमितीपलीकडे हाती काही लागले नाही. माणसे आणि पद्धत बरीचशी तीच असताना निकाल इतका वेगळा का लागला, हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की दिसते.

अफगाणिस्तानबाबत हेतूंचा मेळ आधीपासून होता. ऑगस्ट १९९८ मध्ये तालिबानने मझार-ए-शरीफ घेतले तेव्हा तिथल्या वाणिज्य दूतावासातले इराणी अधिकारी आणि एक पत्रकार मारले गेले. इराणने सरहद्दीवर फौज जमवली आणि युद्ध अगदी तोंडाशी येऊन टळले. अफगाणिस्तानचे सहा शेजारी आणि अमेरिका व रशिया यांचा 'सहा अधिक दोन' हा गट संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली त्या काळात काम करत होता. त्यामुळे अमेरिकी आणि इराणी अधिकाऱ्यांना एका मेजाभोवती बसण्याची सवय होती आणि तिचा बोभाटाही होत नव्हता. ११ सप्टेंबर २००१ नंतर त्याच सवयीतून जिनिव्हातली गुप्त बोलणी निघाली. अमेरिकेकडून रायन क्रॉकर जात. क्रॉकरनी पुढे सांगितले, की इराणी बाजूने तालिबानची ठाणी दाखवणारा नकाशाच समोर ठेवला होता आणि हल्ले लवकर सुरू व्हावेत असा त्यांचा धोशा होता. वीस वर्षे 'अमेरिकेचा नाश होवो' अशा घोषणा देणाऱ्या सरकारची ही घाई ध्यानात ठेवावी. पाठ्यपुस्तकात ती सहसा सापडत नाही.

२७ नोव्हेंबर २००१ रोजी बॉनजवळच्या पीटर्सबर्ग टेकडीवरील अतिथिगृहात अफगाण गटांची परिषद भरली. संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी लखदर ब्राहिमी यजमानाच्या जागी होते. उत्तर आघाडी, माजी राजे झहीर शाह यांचा 'रोम गट', 'सायप्रस गट' आणि 'पेशावर गट' असे चार अफगाण पक्ष. बाकीचे देश नावाला निरीक्षक होते, पण त्या निरीक्षकांच्या वजनाशिवाय काही हलणार नव्हते. उत्तर आघाडीला वर्षानुवर्षे इराण, रशिया आणि भारताने पोसले होते. भारताचे प्रतिनिधी सतींदर लांबा बॉनला होते ते त्यामुळेच. अमेरिकेकडून जेम्स डॉबिन्स आणि इराणकडून जवाद झरीफ आले होते. दोघे रोज भेटत, आणि त्याचा गाजावाजा कोणी करत नव्हते. कराराच्या मसुद्यात निवडणुकांचा आणि लोकशाहीचा उल्लेखच नाही, हे पहिल्यांदा झरीफनी दाखवून दिले, असे डॉबिन्सनी लिहून ठेवले आहे. वॉशिंग्टनचा प्रतिनिधी जे विसरला ते तेहरानच्या प्रतिनिधीने सुचवावे, यातली गंमत डॉबिन्सनाही कळली होती.

खरी कसोटी शेवटच्या रात्री लागली. हंगामी सरकारचे प्रमुख हमीद करझाई, हे ठरले होते. अडले ते खातेवाटपावर. उत्तर आघाडीचे युनुस कानुनी बहुतेक खाती आपल्याकडेच हवीत म्हणून हटून बसले. काबूल आघाडीच्या ताब्यात होते, त्यामुळे ताठा समजण्यासारखा होता, पण बाकीच्या तीन गटांनी ते मान्य केले नसते. ब्राहिमींनी मध्यरात्रीनंतर प्रमुख देशांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवले. अमेरिका, रशिया, भारत, जर्मनी, इराण, एकेकाने कानुनींची मनधरणी केली. दोन तास गेले, कानुनी हलेनात. मग झरीफ त्यांना खोलीच्या एका कोपऱ्यात घेऊन गेले आणि कानात काहीतरी बोलले. कानुनी परत येऊन बसले आणि दोन खाती सोडायला तयार झाले. ५ डिसेंबरला करारावर सह्या झाल्या आणि २२ डिसेंबरला करझाईंनी काबूलमध्ये शपथ घेतली. झरीफ काय बोलले यावर तर्क करण्यात अर्थ नाही. ज्याच्या शब्दाला त्या माणसाच्या लेखी किंमत होती तो खोलीत हजर होता, एवढे पुरेसे आहे. इराणला बाहेर ठेवून भरवलेल्या परिषदेत ही रात्र उजाडली नसती.

पुढचे दोन महिने संबंध सुधारण्याची शक्यता खरोखरच होती. जानेवारी २००२ मध्ये टोकियोत अफगाणिस्तानसाठी मदतनिधी जमला, तेव्हा इराणने ५० कोटी डॉलरहून अधिक रकमेचे वचन दिले. पण ३ जानेवारीला इस्रायलने तांबड्या समुद्रात 'करीन ए' हे शस्त्रांनी भरलेले जहाज पकडले आणि ती शस्त्रे इराणची असल्याचे सांगितले. २९ जानेवारीला अध्यक्ष बुश यांनी इराक आणि उत्तर कोरियाच्या पंक्तीत इराणला बसवून या तिघांना जगाला धोका असणारी दुष्टांची फळी ठरवले. जिनिव्हातली बोलणी लगेच बंद पडली नाहीत. मार्च २००२ मध्ये इराणी बाजूने अमेरिकेच्या देखरेखीखाली २० हजार अफगाण जवानांना प्रशिक्षण देण्याची तयारी दाखवली. डॉबिन्सनी ती वॉशिंग्टनमध्ये कळवली आणि तिचे कोणी उत्तरही दिले नाही. मे २००३ मध्ये रियाधमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यामागचे अल-कायदाचे लोक इराणमध्ये असल्याचा आरोप करून अमेरिकेने जिनिव्हाचा मार्ग बंद केला.

तोवर अमेरिकी फौज बगदादमध्ये पोचली होती आणि प्रश्नाचे रूप बदलले होते. सद्दाम हुसेन जाणे इराणला हवेच होते, कारण १९८० ते १९८८ चे युद्ध प्रत्येक इराणी घराच्या आठवणीत होते. शिया पक्षांचे जे पुढारी आता बगदादमध्ये सत्तेवर येत होते त्यांतल्या अनेकांनी परागंदा असतानाची वर्षे इराणमध्ये काढली होती. म्हणजे इराकचे नवे सरकार टिकावे असे अमेरिका आणि इराण दोघांनाही वाटत होते. पण दीड लाखाच्या आसपास अमेरिकी सैनिक आपल्या सरहद्दीला खेटून कायमचे राहावेत, असे तेहरानला मुळीच वाटत नव्हते. त्यांना सुखाने राहू न देणे हाच इराणचा विमा होता. अफगाणिस्तानात शत्रू तिसरा होता. इराकमध्ये शिया सशस्त्र गट, त्यांना मिळणारी हत्यारे, चिलखती गाड्या भेदणारे रस्त्याकडेचे बॉम्ब या सगळ्यांतून हे दोघेच एकमेकांशी लढत होते. तिथल्या बोलण्यांत एकमेकांबद्दल न बोलता इराकबद्दल बोलणे शक्यच नव्हते. अट मात्र नेमकी तीच होती.

ही अट एकट्या कोणाची नव्हती. फेब्रुवारी २००६ मध्ये समारा इथल्या अल-अस्करी दर्ग्याचा घुमट उडवला गेला आणि शिया-सुन्नी कत्तलींना ऊत आला. त्यानंतर महिन्याभरात इराकी शिया नेते अब्दुल अझीझ अल-हकीम यांनी अमेरिका आणि इराणने इराकवर बोलावे अशी जाहीर मागणी केली. इराणने होकार दिला, पण ती बैठक झाली नाही. डिसेंबर २००६ मध्ये बेकर-हॅमिल्टन अभ्यासगटाने इराण व सीरियाशी बोलण्याची शिफारस केली. बुश यांनी जानेवारी २००७ मध्ये उत्तर दिले ते २० हजारांहून अधिक जादा फौज धाडून. दुसऱ्याच दिवशी, ११ जानेवारीला, एर्बिलमधल्या इराणी कचेरीवर छापा घालून अमेरिकी सैनिकांनी पाच इराण्यांना पकडले. ते वाणिज्य दूतावासाचे कर्मचारी असल्याचे इराण म्हणत राहिला आणि इराणच्या कुद्स या लष्करी दलाचे लोक असल्याचे अमेरिका. मे महिन्यात शर्म अल-शेख इथे इराकवरची परिषद झाली. तिथे अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा रायस आणि इराणचे परराष्ट्रमंत्री मनुचेहर मोत्ताकी एका मेजवानीत समोरासमोर येण्याची वेळ आली, तेव्हा मोत्ताकी जेवणाआधीच निघून गेले. व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईंचा लाल पोशाख शालीन नव्हता, असे कारण देण्यात आले. मंत्र्यांना जमले नाही ते राजदूतांवर सोपवले गेले.

२८ मे २००७ रोजी बगदादच्या ग्रीन झोनमध्ये, इराकचे पंतप्रधान नूरी अल-मलिकी यांच्या कार्यालयात अमेरिकेचे राजदूत रायन क्रॉकर आणि इराणचे राजदूत हसन काझेमी कोमी भेटले. पाच दिवस आधीच दोन विमानवाहू नौकांसह नऊ अमेरिकी युद्धनौका इराणच्या आखातात शिरल्या होत्या. इराणचे सर्वोच्च नेते आयातुल्ला खामेनी यांनीही बजावले होते की बोलणी फक्त अमेरिकेला कब्जेदार म्हणून तिच्या जबाबदारीची आठवण करून देण्यापुरती आहेत. मलिकींनी दोघांचे स्वागत केले, प्रास्ताविक केले आणि ते निघून गेले. ज्याच्या देशाबद्दल बोलणे चालले होते तो दार उघडून बाहेर पडला, आणि त्यात कोणाला काही खटकले नाही. इराकी अधिकारी मात्र आत थांबले. बैठक सुमारे चार तास चालली. स्थिर, लोकशाही, संघराज्य स्वरूपाचा इराक दोघांनाही हवा आहे यावर एकमत झाले, म्हणजे ज्यावर वाद नव्हताच त्यावर झाले. क्रॉकरनी शस्त्रपुरवठ्याचा आणि प्रशिक्षणाचा मुद्दा मांडला. काझेमी कोमींनी तो नाकारला, कब्ज्यावर टीका केली, इराकी सैन्याला प्रशिक्षण व साहित्य देण्याची तयारी दाखवली आणि तीन देशांची सुरक्षा यंत्रणा सुचवली. क्रॉकर म्हणाले, वॉशिंग्टनला कळवू. अणुकार्यक्रम, अटकेतले पाच इराणी, तेहरानमध्ये त्याच महिन्यात पकडलेल्या इराणी-अमेरिकी अभ्यासक, यांपैकी काहीही कार्यक्रमपत्रिकेवर नव्हते.

२४ जुलैची दुसरी बैठक सुमारे सात तास चालली आणि तीत आवाज चढले. तिच्यातून सुरक्षा उपसमिती निघाली आणि ६ ऑगस्टला ती बसलीही. त्यापुढे तारखा ठरत आणि मोडत गेल्या. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने नऊ इराणी सोडले, त्यांत एर्बिलचे दोघे होते. बाकीच्या तिघांना जुलै २००९ पर्यंत वाट पाहावी लागली. मे २००८ मध्ये बगदादच्या सद्र सिटीतल्या अमेरिकी हल्ल्यांचे कारण देऊन इराणने बोलणी स्थगित केली. दरम्यान इराकमधला हिंसाचार बराच घटला होता. त्याचे श्रेय जादा फौजेला, सुन्नी टोळ्यांनी अल-कायदाविरुद्ध फिरण्याला आणि शिया नेते मुक्तदा अल-सद्र यांच्या शस्त्रविरामाला द्यावे लागते. राजदूतांच्या बैठकांना ते देणे कठीण आहे.

त्याचे एक कारण खुर्चीवर कोण बसले होते, यात आहे. अमेरिकेचे सेनापती डेव्हिड पेट्रेयस यांनी पुढे सांगितले, की २००८ मध्ये एका इराकी नेत्याच्या हाती कुद्स दलाचे प्रमुख कासिम सुलेमानी यांचा निरोप त्यांना मिळाला. इराक, लेबनॉन, गाझा आणि अफगाणिस्तानबाबतचे इराणी धोरण आपण चालवतो, राजदूतही आपल्याच दलाचा आहे, असा त्याचा आशय होता. यात बढाई होती असे धरले तरी मार्च २००८ मधला बसऱ्याचा प्रसंग तिला पुष्टी देतो. मलिकींच्या फौजा आणि सद्र यांचे लोक तिथे भिडले, तेव्हा इराकी खासदार तह करायला इराणमधल्या कोमला गेले आणि सुलेमानींच्या मध्यस्थीने लढाई थांबली. बॉनमध्ये झरीफ ज्याच्या कानात बोलले त्याला वळवण्याची ताकद त्यांच्याकडे होती. बगदादच्या मेजावर ती इराणी बाजूने नव्हती, आणि अमेरिकी बाजूने राजदूताला 'वॉशिंग्टनला कळवू' यापलीकडे काही म्हणण्याची मुभा नव्हती.

त्यानंतर दोन्ही देशांनी उलटी वाट धरली. ओमानमधल्या गुप्त भेटींपासून १४ जुलै २०१५ च्या व्हिएन्ना करारापर्यंतची बोलणी फक्त अणुकार्यक्रमावर झाली आणि शेजारचे देश त्यातून वगळले गेले. झरीफ तेव्हा परराष्ट्रमंत्री होते. २००७ मध्ये इराककरता झालेल्या परिषदांत इराणकडून बसणारे अब्बास अराघची त्यांचे प्रमुख वाटाघाटीकार होते. त्याच सुमारास 'इसिस'विरुद्ध इराकमध्ये अमेरिकी विमाने आणि इराणने पोसलेले शिया गट एकाच शत्रूशी लढत होते, पण उघड बोलणे दोघांनीही टाळले. जानेवारी २०२० मध्ये सुलेमानींना अमेरिकेने बगदाद विमानतळाबाहेर मारले तेव्हा ते सौदी अरेबियाच्या निरोपाचे उत्तर घेऊन आले होते, असे इराकचे तत्कालीन पंतप्रधान आदिल अब्दुल महदी यांनी सांगितले. इराण-सौदी बोलणी त्यामुळे मोडली नाहीत. एप्रिल २०२१ पासून वर्षभरात इराण आणि सौदी अरेबिया यांच्या पाच फेऱ्या बगदादमध्ये झाल्या आणि या वेळी इराक विषय नव्हता, यजमान होता. १० मार्च २०२३ रोजी बीजिंगमध्ये दोघांनी संबंध पुन्हा जोडण्याचा करार केला. चीनच्या नावाने तो गाजला, त्याची बरीचशी घडण मात्र बगदादमध्ये आधीच झाली होती.