गिऱ्हाईक ठाऊक असलेले वस्त्र

आधी मागणी आणि मग विणकाम हा क्रम शाश्वत वस्त्रनिर्मितीची नवी कल्पना म्हणून अलीकडे मांडला जातो; कच्छमधील रबारी पशुपालक आणि वणकर विणकर यांच्या व्यवहारात मात्र पिढ्यान्‌पिढ्या तोच क्रम रूढ होता. रबारींच्या मेंढ्यांची लोकर त्यांच्याच घरात कातली जाई, वणकर त्या सुताचा ढाबळा, म्हणजे पुरुषांनी पांघरायचे जाड लोकरी वस्त्र, किंवा स्त्रियांची ओढणी विणून देई, रंगाचे काम खत्री रंगाऱ्याकडे असे आणि मोबदला बरेचदा धान्य वा तूप अशा रूपाने चुकता होई. माग अरुंद असल्यामुळे दोन पट्ट्या विणून त्या मधोमध जोडल्या जात, आणि मागावरून उतरलेले वस्त्र जवळजवळ तसेच वापरात येत असल्याने चिंध्यांचा प्रश्नच उद्‌भवत नसे.

लोकर हा प्रथिनाचा तंतू असल्याने वनस्पतिज व कीटकजन्य रंग ती कापसापेक्षा सहज धरते. लाखेचा तांबडा रंग हे याचे चांगले उदाहरण होय. झाडाच्या फांदीवरून खरवडलेली काडीलाख कुटून पाण्यात भिजवली की रंग पाण्यात उतरतो आणि राळ मागे उरते, जिच्यापासून चपडा तयार होतो. लोकरीच्या लडी आधी तुरटीच्या पाण्यात मुरवाव्या लागतात, कारण तुरटी हे रंगबंधक, म्हणजे रंग आणि तंतू यांना जखडून ठेवणारे द्रव्य आहे. त्याच रंगात लोहाचा अंश मिसळला तर तांबडा रंग जांभळट, काळपट होतो. आच हळूहळू वाढवावी लागते आणि लडी पाण्यातच निवू द्याव्या लागतात, नाहीतर तंतूवरील सूक्ष्म खवले एकमेकांत अडकून लोकर आटते व तिचा नमदा होतो. निळीला रंगबंधक लागत नाही, पण सुती कापडासाठी वापरला जाणारा तीव्र चुन्याचा क्षार लोकरीला सोसत नाही, म्हणून लोकरीसाठी निळीचे कुंड सौम्य ठेवावे लागते. इतके करूनही दोन खेपांची छटा तंतोतंत जुळत नाही, आणि ज्या गिऱ्हाइकाला ते चालत नाही त्याने या वाटेला जाऊ नये हे बरे.

पर्किन या रसायनशास्त्रज्ञाने 1856 मध्ये कृत्रिम जांभळा रंग शोधला, 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि रंगाऱ्याचे ज्ञान पुडीत बंद झाले. तरीही नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे समीकरण भाबडे आहे. रंगबंधक म्हणून क्रोमियमचे क्षार वापरले तर मंजिष्ठेच्या मुळीचा रंगही निर्दोष राहत नाही, आणि कच्छसारख्या कोरड्या मुलखात प्रत्येक धुण्याचे पाणी व प्रत्येक भट्टीचे सरपण हिशेबात धरावेच लागते. रंगाच्या शुद्धतेपेक्षा गिऱ्हाईक आधी ठाऊक असणे हाच त्या जुन्या व्यवस्थेचा मोठा गुण होता, कारण त्यामुळे न खपणारे वस्त्र विणलेच जात नसे.

महाराष्ट्रात धनगराची लोकर आणि सणगराचा माग यांच्यातही असेच नाते होते, आणि चिंचोक्याच्या खळीवर विणलेल्या घोंगडीला मेंढीच्या अंगचा काळा वा पांढरा रंगच पुरत असे. आज दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीला कित्येक ठिकाणी कातरणीची मजुरी निघेल एवढाही भाव मिळत नाही आणि ती टाकून दिली जाते. शाश्वत वस्त्राची ज्यांना खरोखर ओढ आहे त्यांनी दुकानातील तयार घोंगडी शोधण्याऐवजी सणगराकडे आपली मागणी नोंदवावी आणि ती विणून होईपर्यंत थांबावे.