आले, आले, फोटो आले!

रात्री साडेअकराला मी न्हाणीघरातून इतक्या जोरात ओरडले की आई धावत आली. माझ्या हातात ओली, ठिबकणारी फिल्म आणि तिच्यावर चित्रं! खरीखुरी चित्रं! मेणवलीचा घाट, ओट्यावर झोपलेलं मांजर, भाजी निवडणारी आई. ३६ पैकी ३१ आली होती आणि तो रोल मी स्वतः धुतला होता, घरी, बादलीपाशी बसून!

तीन आठवड्यांपूर्वी मामानं त्याचा पेंटॅक्स के-१००० माझ्या हातात ठेवला. १९७६ साली आलेला हा कॅमेरा. सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजायला, बाकी सगळी करामत स्प्रिंगा आणि चाकांची. सेल मेलेला होता. मामा म्हणाला, “मग उन्हाकडे बघ की!” कडक ऊन असेल तर ॲपर्चर १६, शटर फिल्मच्या आयएसओच्या आसपास. माझी एचपी-५ फिल्म ४०० ची, म्हणून १/५००. गडद सावलीत ॲपर्चर उघडत ५.६ किंवा ४ पर्यंत यायचं. संपलं! मोबाइलवर हजारो फोटो काढले मी, पण ऊन असं कधी पाहिलंच नव्हतं. मेणवलीला त्या पोर्तुगीज घंटेसमोर, चिमाजीअप्पांच्या वसईच्या विजयानंतर आलेल्या, मी अर्धा तास उभी होते. कडेवरून उजेड सरकत होता. एकदाच खटका दाबला. एकदाच!

आणि मग काल रात्र. दाराच्या फटीत गोधडी कोंबली, दिवा मालवला. मिट्ट काळोखात रोल डबीतून काढून प्लॅस्टिकच्या रिळावर चढवायचा. बोटांनाच डोळे फुटावे लागतात! दोनदा अडकला, घाम फुटला, तेव्हा सरस्वतीबाई फाळके आठवल्या. ‘राजा हरिश्चंद्र’च्या काळात, १९१३ च्या आसपास, त्या अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायच्या, रसायनं कालवायच्या. माझ्यापाशी तर भोकं पाडलेली आयती फिल्म होती! तिसऱ्या खेपेला रीळ सुळकन फिरलं आणि टाकीत बंद झालं.

डेव्हलपर २० अंशांवर हवा आणि नळाचं पाणी २८ अंश. बाटली बर्फाच्या परातीत बसवली. या डेव्हलपरमध्ये, डी-७६ मध्ये, साडेसात मिनिटं, दर मिनिटाला टाकी चार वेळा उलटीपालटी करायची. ती साडेसात मिनिटं! आत काय चाललंय हे कळल्यापासून मला झोप नाही. फिल्मवर सिल्व्हर ब्रोमाइडचे कण असतात. ज्या कणाला प्रकाश लागतो त्यावर चांदीचे मोजके अणू जमतात, इतके थोडे की चित्र असूनही दिसत नाही. तीन आठवडे ते तसंच, अदृश्य, कॅमेऱ्यात बसून होतं! डेव्हलपर त्या अणूंच्या खुणेवरून अख्खा कण चांदीचा करतो. उरलेले कण हायपो नावाचं रसायन विरघळवून टाकतं, आणि हायपोचा हा गुण जॉन हर्शेलनं १८१९ मध्येच ओळखला होता, फोटोग्राफी लोकांसमोर येण्याच्या वीस वर्षं आधी. म्हणजे त्या दुपारी आईच्या कपाळावरून निघालेलं ऊन या पट्टीला खरोखर शिवलं आणि तिथे चांदी झाली. चांदी!

आईनं पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली. “अगं, माझे केस पांढरे आणि तोंड काळं!” म्हणाली. पण खाली ठेवेना. एकेक चौकट नखानं मोजत, भिंग आणून, बाराच्या पुढपर्यंत बघत बसली. मग कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यानं पट्टी लटकवली, खाली दुसरा चिमटा वजनाला, आणि पंखा बंद केला, धूळ बसू नये म्हणून.

आज दुसरा रोल घातलाय. संध्याकाळी फ्रीज उघडला तर बर्फाचे दोन्ही ट्रे काठोकाठ भरलेले. मी भरले नव्हते.