आधी रेघ, मग जहाज

झाडाचं चित्र काढताना एखादी फांदी इकडची तिकडे झाली तरी झाड झाडच राहतं. क्रेनचं तसं नाही. तार कोणत्या कप्पीवरून खाली उतरते, मागचं वजन कुठे बसवलंय, सगळा सांगाडा कशावर फिरतो हे नीट पाहिलं नाही तर कागदावरची क्रेन काहीच उचलू शकत नाही, आणि ज्याचा यंत्राशी कधी संबंध आला नाही अशा माणसालाही तिच्यात काहीतरी खटकतं. म्हणून कारखान्याच्या जागी आउटडोअर स्केचिंगला जायला मला मनापासून आवडतं. तिथे पाहणं, समजून घेणं आणि काढणं ही कामं वेगळी करताच येत नाहीत.

सिडनीत राहायला आल्यापासून माझ्यासाठी ही जागा म्हणजे कॉकाटू आयलंड. पॅरामाटा आणि लेन कोव्ह या नद्या जिथे मिळतात तिथलं, सिडनी बंदरातलं हे सर्वांत मोठं बेट. क्षेत्रफळ जेमतेम 18 हेक्टर, त्यातलाही बराच काठ भराव टाकून वाढवलेला. इथल्या मूळ रहिवाशांनी दिलेलं नाव वारेआमा. 1839 साली इंग्रजांनी इथे कैदी आणून ठेवले आणि पुढची तीस वर्षं तुरुंग चालवला. पुढे मुलींची सुधारगृहं आली, पुन्हा तुरुंग आला. पण या सगळ्याच्या पोटात आणि नंतर कितीतरी वर्षं बेटाचं खरं काम एकच होतं, जहाजं दुरुस्त करणं आणि बांधणं. 1992 साली ते थांबलं. आता बेट सगळ्यांना खुलं आहे. फेरीतून उतरायचं आणि हिंडायचं.

आमचा स्केचिंगचा गट धक्क्यावर जमतो. गटात वास्तुविशारद आहेत, एक नर्स आहे, निवृत्त शिक्षक आहेत, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पेन्सिल हातात घेतलेली माणसंही असतात. नियम साधा, जागेवर बसायचं आणि समोर दिसतं ते काढायचं. फोटो काढून घरी जाऊन रंगवायचं नाही. 2007 साली सिॲटलमधल्या गॅब्रिएल कॅम्पानारिओ या पत्रकार-चित्रकाराने इंटरनेटवर एक गट सुरू केला, त्यातून ‘अर्बन स्केचर्स’ ही चळवळ जगभर पसरली आणि तिचा हाच पाया आहे. मुंबईच्या माणसाला यात नवल वाटू नये. जे. जे.च्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्या व्ही. टी.च्या फलाटावर बसून घाईतल्या प्रवाशांची स्केचेस करत आल्या आहेत. नवीन आहे ते एवढंच की आता चित्रकार नसलेली माणसंही गटागटाने हे करू लागली आहेत, आणि मला ती फार चांगली गोष्ट वाटते.

बेटाच्या वरच्या अंगाला पिवळसर वालुकाश्माच्या जुन्या बराकी आहेत. तिथेच खडकात खोदलेली धान्याची पेवं आहेत. तोंड अरुंद, पोट रुंद, खोली पुरुषभर नव्हे तर त्याच्या तिप्पट. आपल्याकडे सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत ती मातीत. ही अखंड दगडात. गव्हर्नर जॉर्ज गिप्स यांच्या काळात, दुष्काळात वसाहतीला गहू कमी पडू नये म्हणून, कैद्यांच्या हातून ती खोदून घेतली. आज एका पेवाची बाजू कापली गेल्यामुळे आतला बाटलीसारखा आकार उघडा दिसतो. मी तो काढायला बसले तेव्हा भिंतीवरचे छिन्नीचे घाव एकेक करून कागदावर घ्यावे लागले. तिरपे, जवळजवळ, एका लयीतले. पोटाच्या गोलाव्यात ती लय बदलते, कारण तिथे खोदणाऱ्याला हात डोक्यावर नेऊन काम करावं लागलं असणार. ही माझी अटकळ आहे, पण ती मला कोणत्याही माहितीफलकाने सुचवली नसती. घाव काढता काढता माझा स्वतःचा खांदा भरून आला, तेव्हा ती सुचली.

खाली उतरलं की दोन मोठ्या गोद्या लागतात. फिट्झरॉय डॉक कैद्यांनी खडक फोडून तयार केली आणि 1857 साली ती पूर्ण झाली. सदरलँड डॉक 1890 सालची. ती झाली तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या सुक्या गोद्यांमध्ये तिची गणना होत होती. दोन्हींत आता पाणी आहे. कडेच्या दगडी पायऱ्या मात्र पाण्याच्या वर दिसतात आणि गटातले जवळजवळ सगळेच त्यांच्याकडे ओढले जातात, कारण त्या चित्रात आपसूक खोली आणतात. पण त्या पायऱ्या उतरायला नाहीत. एकेक पायरी माणसाच्या पावलाला अडचणीची आहे. जहाज पाण्यासकट आत घ्यायचं, तोंडाशी तरंगता दरवाजा आणून बसवायचा, पंपाने पाणी उपसायचं, आणि पाणी उतरत जाईल तसं जहाज तळाच्या लाकडी ठोकळ्यांवर अलगद टेकवायचं, ही सुक्या गोदीची रीत. त्या वेळी जहाज कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी जाड लाकडी टेकू लावायचे. टेकूचं एक टोक जहाजाच्या अंगाला, दुसरं या पायऱ्यांवर. जहाजाची रुंदी वर जास्त, खाली कमी; म्हणून गोदीची भिंत पायऱ्यापायऱ्यांनी आत येते. हे कळल्यावर मी त्या पायऱ्या वेगळ्या काढायला लागले. त्यांच्या कडा ठळक झाल्या. मधली रिकामी जागा आता रिकामी उरली नाही, तिला जहाजाचा आकार आला.

बेटावर माझी सर्वांत आवडती जागा मात्र मोल्ड लॉफ्ट आहे. बाहेरून पाहिली तर एक साधी लांबलचक शेड. आत लाकडी फळ्यांची प्रशस्त जमीन. जहाजाचा आराखडा कागदावर छोट्या मापात तयार होई. तो इथे आणून जमिनीवर पूर्ण मापात आखला जाई. प्रत्येक फासळीचा वाक, प्रत्येक पत्र्याची कड, जेवढी जहाजात असणार तेवढीच फळ्यांवर. लांब लवचीक लाकडी पट्टी घ्यायची, खिळ्यांनी जागोजाग अडवायची, तिचा वाक डोळ्यांनी जोखायचा, कुठे गचका जाणवला तर खिळा सरकवायचा, आणि मगच रेघ मारायची. ही माणसं दिवसभर गुडघ्यांवर बसून काम करत. त्या रेघांवरून लाकडी साचे बनत, साच्यांवरून पोलादाचे पत्रे कापले जात.

माझे वडील मुंबईत माझगावच्या गोदीत प्लेटर होते. साच्यावरून पत्र्यावर खुणा करणं, तो कापणं, वाकवणं हे त्यांचं काम. घरात त्यांना काहीही समजावून सांगायचं झालं की तोंडाने सांगत नसत. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलने काढून दाखवत. बाथरूमचा नळ का गळतो तेसुद्धा. आम्हा भावंडांना गोदीचा भोंगा रोज ऐकू येई, पण आत काय चालतं ते कधी पाहायला मिळालं नाही. संरक्षणाच्या कामाची जागा, तिथे घरच्यांना कोण सोडणार? मोल्ड लॉफ्टच्या जमिनीकडे पाहत बसले तेव्हा वडिलांच्या त्या सवयीचं मूळ मला दिसलं. जहाज बांधणाऱ्यांच्या जगात आधी रेघ असते, मग पोलाद. आम्ही हौशी मंडळी वह्या घेऊन या बेटावर येतो ते बाहेरून काही घेऊन येत नाही. बेटाचं पहिलं अवजार पेन्सिलच होतं.

कामाचा पसारा केवढा होता याचा अंदाज यायला टर्बाइन शॉपमध्ये उभं राहावं लागतं. एवढी उंच, एवढी लांब शेड की समोरच्या टोकाचा माणूस कागदावर एका टिंबाहून मोठा काढता येत नाही. 1942 मध्ये सिंगापूर पडलं, आणि नैऋत्य पॅसिफिकमधल्या जहाजांच्या दुरुस्तीचं मुख्य ठिकाण म्हणून या बेटावर अहोरात्र काम सुरू झालं. युद्धानंतर इथेच ‘एम्प्रेस ऑफ ऑस्ट्रेलिया’ ही मोटारी आणि प्रवासी नेणारी बोट बांधली गेली, आणि ‘सक्सेस’ हे नौदलाचं इंधन पुरवणारं जहाज 1984 मध्ये इथूनच पाण्यात उतरलं. ते इथलं शेवटचं जहाज. गोदी बंद झाल्यावर बरीच यंत्रं विकली गेली, कितीतरी शेड पाडल्या. जी यंत्रं हलवण्यापलीकडची होती ती राहिली.

आणि गंज राहिला. जलरंगात काम करणाऱ्याला गंज फार मोहात पाडतो. बर्न्ट सिएनामध्ये किंचित अल्ट्रामरीन सोडलं, कागद ओला असला, की रंगाचे कण आपोआप खाली बसतात आणि गंजलेला पत्रा तयार होतो. पाच मिनिटांत वाहवा मिळते. मला हा मोह धोक्याचा वाटतो. सिनेमावाल्यांनी आणि उत्सववाल्यांनी या बेटाला देखणा पडदा म्हणून वापरलं, तसं आपणही करायला लागतो. या गोदीत ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेल्या कित्येक कामगारांना पुढे फुप्फुसांचे जीवघेणे आजार झाले. 1989 साली इथे चौदा आठवड्यांचा संप झाला, गोदी बंद करू नका म्हणून. ही माहिती डोक्यात ठेवून बॉयलरच्या नळ्यांवर जिथे ॲस्बेस्टॉस गुंडाळलं जाई त्या जागा काढायला बसलं की रंग जपूनच लागतो. गंज सुंदर दिसतो, यात शंका नाही. पण तो कशावर चढलाय, आणि त्या वस्तूपाशी उभं राहून कोणी काय काम केलं, एवढं चित्रात आलं नाही तर ते चित्र अपुरं आहे, असं माझं ठाम मत आहे.

2010 साली युनेस्कोने ऑस्ट्रेलियातल्या अकरा कैदीस्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात हे बेट आहे. दर्जा मिळाला तो कैद्यांच्या वास्तूंसाठी. तो रास्तच आहे. तरी बेटावर नव्याने येणारा माणूस बराकी आणि पेवं पाहून परत जातो आणि शेड नुसत्या ओलांडतो, याचं मला वाईट वाटतं. जहाजबांधणी करणाऱ्या हातांचाही वारसा तेवढाच मोठा आहे.

इथे आमच्या गटाचा खरा उपयोग दिसतो. ठरलेल्या वेळी सगळे परत धक्क्याजवळ येतात आणि वह्या जमिनीवर उघड्या मांडतात. वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून वर पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, आणि सीगलांपासून खाऊ सांभाळायचा. कोणी कोणाच्या चित्राला नावं ठेवत नाही. त्या मांडणीत एकाच क्रेनचे निरनिराळे जबाब असतात. वास्तुविशारदाने तिचे पाय काढलेले असतात, रुळांवर फाकवून उभे, मधून माल वाहणारी गाडी जावी म्हणून कमानीसारखी मोकळी जागा सोडलेले. दुसऱ्या कोणी फक्त चालकाची काचेची खोली काढलेली असते, एवढ्या उंचीवर एकटी. नर्सबाईंनी रुळांच्या फटीत उगवलेली फुलं काढलेली असतात. एका माणसाला एवढी मोठी गोदी एका दुपारी कवेत घेता येत नाही. दहा-पंधरा माणसांच्या वह्या शेजारी ठेवल्या की ती बरीचशी हाती लागते. एकदा फेरीची वाट पाहणारे एक वयस्क गृहस्थ वाकून पाहत होते. ते इथे उमेदवार म्हणून शिकले होते. त्यांनी कोणत्याच चित्राचं कौतुक केलं नाही. एका पानावरच्या लेथवर बोट ठेवलं आणि तिच्यावर काय बनायचं ते सांगायला लागले, इतक्या बारकाईने की आमची फेरी सुटली. त्यांनी सांगितलेलं सगळं त्या वहीच्या मालकिणीने चित्राच्या कडेला लिहून घेतलं. आज ते पान मला त्या दिवशीच्या सर्वांत चांगल्या चित्राहून मोलाचं वाटतं.

माझगावही एकेकाळी बेटच होतं, मुंबईच्या सात बेटांपैकी एक. गोदीच्या आत जाऊन चित्र काढायला आजही मिळणार नाही, ते मला ठाऊक आहे. पण मुंबईत जे उघड्यावर आहे तेही झपाट्याने जातंय. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगावात आता थोड्याच चिमण्या उभ्या आहेत. दारुखान्यात जहाजं तोडणाऱ्यांच्या वस्त्या आहेत, भाऊचा धक्का आहे, आणि मुंबईबाहेर सोलापुरात जुन्या मिलचा परिसर आहे. पुण्या-मुंबईत स्केचिंगचे गट आहेत आणि ते उत्साहाने वाडे, देवळं, घाट काढतात. त्या सगळ्यांना माझी विनंती आहे. एखादा रविवार लालबाग-परळला द्या. परवानगी लागत असेल तिथे ती रीतसर मागा. चिमणी काढा, पण तिच्या खाली बॉयलर कुठे होता तेही विचारा. आसपासच्या चाळीत साचेखात्यात, वाइंडिंगला काम केलेली माणसं अजून आहेत. त्यांना वही दाखवा, आणि ते जे सांगतील ते तारखेसकट त्याच पानावर लिहून ठेवा.